निवळ

बत्ताशाची लघवी चुन्यासारखी झाली
तेव्हा आधी वाटलं, पोरीनं दूध सांडलं.
घोडपदेवची आमची खोली, सशाखाली पेपर,
पेपरात बंगल्याची जाहिरात,
आणि बंगल्याच्या दारात पांढरा गाळ वाळून बसलेला.
बोटानं चोळला. रांगोळीची कणी.

मग तो कोपऱ्यात कुबड काढून बसायला लागला.
थेंब यायचा, दात करकर वाजायचे.
टॉवेलात गुंडाळून परळला नेला.
टॅक्सीवाला म्हणाला, "घाण नाही ना करणार?"
म्हटलं, केली तर तुम्हाला पेढे देईन.

डॉक्टर तलाटींनी त्याला उचललं
मी पैठणी उचलते तसं, खालून, पूर्ण तळव्यावर.
त्या बोलत गेल्या, मी बिलाच्या पाठीवर लिहीत गेले:
नळीची बाटली नको. वाडगा हवा, जड, चिनी मातीचा.
सुकं गवत दिवसभर, दाणे चिमूटभर.
लसूणघास बंद, त्यात चुना फार,
आणि ससा खाल्लेला चुना लघवीतूनच बाहेर टाकतो.
भाजी धुवा, पुसू नका.
पळू द्या. बसून राहिला की गाळही बसतो.
लाल दिसली तर लगेच रडू नका,
कधी बीट असतं, कधी गाजर. दाखवा मात्र.
"आणि मुख्य म्हणजे," पेनाला टोपण लावत त्या म्हणाल्या,
"जागा स्वच्छ ठेवा. घाण असली की तो जात नाही.
धरून बसतो."

धरून बसतो.
हे मी लिहिलं नाही.
हे मला पाठ होतं.

हिंदमाताच्या दुकानात आम्ही सहाजणी,
साडेदहा ते रात्री नऊ.
माळ्यावरच्या संडासाची किल्ली हरिभाईंच्या गल्ल्यात,
मागायची ती गिऱ्हाइकांच्या देखत.
म्हणून सकाळी घोटभर चहा, नंतर काही नाही.
कुंदाताई तर नुसते ओठ ओले करते.
दर दोन महिन्यांनी जळजळ, त्याच गोळ्या,
मेडिकलवाला आता चिठ्ठीसुद्धा मागत नाही.

जागृतीनं माझं नेलपॉलिश घेतलं,
वाडग्याला आतून लाल रेघ मारली.
संध्याकाळपर्यंत पाणी इथवर उतरलं पाहिजे, बत्तासा.
मी कोथिंबीर निथळतीच ठेवायला लागले,
तो खायचा कमी, प्यायचा जास्त.
खाटेखाली खोक्यांचा बोगदा केला.
रात्री अकराला त्याची पळापळ,
खालचे मालुसरे काठीनं छत ठोकायचे,
पोरगी जमिनीला तोंड लावून ओरडायची,
"औषध चाललंय!"

आठवडा गेला असेल.
दुकानात पिशवीतून बाटली काढली
तर तिच्यावर तसल्याच रेघा. तीन.
बाजूला वेळा: एक, चार, सात.
खाली शाळेतलं अक्षर: हा तुझा वाडगा.

चार वाजता एक बाई
चाळिसावी साडी उलगडायला सांगत होत्या.
पदर हातात तसाच, मी म्हटलं,
"थांबा हं, लघवीला जाऊन येते."
दुकान गप्प.
हरिभाईंनी किल्ली शोधायला एवढा वेळ लावला
की वाटलं, आता म्हणतील हरवली.
माझ्यामागे कुंदाताई उठली.
माळ्यावर बल्ब नव्हता.
तिनं मोबाइलचा उजेड धरला, पाठ करून,
आणि का कोण जाणे, आम्ही दोघी हसत सुटलो.

रात्री पेपर बदलताना जागृतीची हाक: आई, बघ.
गाळ नाही, कणी नाही.
नुसता ओला डाग, इतका निवळ
की त्यातून मागच्या पानावरची उलटी अक्षरं दिसत होती.
ती एकेक लावत वाचत बसली:
दोन बेडरूम. हॉल. समुद्र दिसतो.